नाव कोणाचं, शिवण कशी? कॉलेजवयीन मुलांच्या ब्रँडेड कपड्यांची मुंबईतली पारख

दहावी संपते तसा गणवेश संपतो. अकरावीचा प्रवेश झाला की मुंबईतल्या घराघरांत यादी निघते: बॅगी जीन्स दोन, ओव्हरसाइज टी-शर्ट चार-पाच, एक कार्गो पँट, जमलं तर हुडी. कुठल्या दुकानातून घ्यायचं हेही मुलांनी आधीच ठरवलेलं असतं, कारण मित्रमैत्रिणींत त्याचीच चर्चा असते. टॅग उलटून किंमत बघताना आई-बाबांचा हात मात्र थबकतो. हे पैसे कापडाचे आहेत की नावाचे?

आमचं मत आधीच सांगून टाकतो. टी-शर्टच्या नावासाठी जास्त पैसे मोजू नका, जीन्ससाठी मोजायची तयारी ठेवा, आणि मुलाचा जीव ज्या एका कपड्यात अडकलाय तो त्याच्या आवडीच्या ब्रँडचाच घेऊन द्या. सोळाव्या वर्षी चार जणांत आपण बरे दिसतो असं वाटणं ही किरकोळ गोष्ट नाही. फक्त तो एक कपडा कोणता, हे दुकानात शिरण्याआधी ठरलेलं हवं.

दुकानं कोणत्या पायरीवर आहेत

सगळ्यात खालच्या किमतीला झुडिओ आणि यूस्टा. झुडिओ हे टाटांच्या ट्रेंट कंपनीचं, २०१६ साली सुरू झालेलं. वेस्टसाइडही त्याच कंपनीचं. झुडिओतले बहुतेक कपडे ९९९ रुपयांच्या आत असतात. रिलायन्सचं यूस्टा ऑगस्ट २०२३ मध्ये आलं तेच ‘सगळं ९९९ च्या आत’ असं सांगत. मॅक्स यांच्या किंचित वर. ही दुकानं फक्त स्वतःचाच माल ठेवतात, एकेक डिझाइन प्रचंड संख्येने शिवून घेतात, आणि स्वस्ताई तिथून येते. झुडिओ आपला माल ऑनलाइन विकत नाही. त्यामुळे ‘झुडिओचा सेल, ९९ रुपयांत’ अशी लिंक मोबाइलवर आली तर ती उघडूच नका.

मधल्या पायरीवर एच अँड एम, वेस्टसाइडमधलं तरुणांचं नुऑन, आणि मुंबईतच जन्मलेले दोन ब्रँड: २०१२ चं बेवकूफ आणि २०१३ चं द सोल्ड स्टोअर. वरच्या पायरीवर लिव्हाइज, झारा, जॅक अँड जोन्स, ओन्ली आणि युनिक्लो. युनिक्लोचं मुंबईतलं पहिलं दुकान ऑक्टोबर २०२३ मध्ये कुर्ल्याच्या फिनिक्स मार्केटसिटीत उघडलं.

टी-शर्टच्या बाबतीत खालची आणि मधली पायरी यांत कापडाचा फरक वाटतो तितका नसतो. जास्तीचे पैसे बरेचदा चित्राचे, नावाचे आणि मॉलमधल्या जागेच्या भाड्याचे असतात. जीन्समध्ये मात्र मधली आणि वरची पायरी यांतला फरक आठ-दहा महिन्यांत मांडीवर दिसतो. म्हणून दोन्ही कपड्यांना एकच फूटपट्टी लावून चालत नाही.

टी-शर्ट: हातात घेऊन काय बघायचं

आधी आतलं लेबल वाचा. ‘१००% कॉटन’ असेल तर घाम शोषेल, पण पहिल्या एक-दोन धुण्यांत तीन ते पाच टक्के आटेल. म्हणजे ७० सेंटिमीटर लांबीचा टी-शर्ट दोन ते साडेतीन सेंटिमीटरने आखूड होणार, हे धरूनच माप घ्यायचं. ‘६० कॉटन, ४० पॉलिएस्टर’ असं मिश्रण फारसं आटत नाही आणि लवकर वाळतं, पण दोन भानगडी करतं. मे महिन्याच्या दमट हवेत अंगाला चिकटतं, आणि सहा-सात धुण्यांनंतर काखेत व बॅगेचा पट्टा घासतो तिथे बारीक गोळे येतात. कापसाचे आखूड तंतू वर येतात तेव्हा मजबूत पॉलिएस्टर त्यांना गळून पडू देत नाही, त्याचेच हे गोळे.

दुसरी गोष्ट जाडी. टी-शर्टच्या कापडाची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. १४० ते १६० म्हणजे पातळ, १८० म्हणजे मध्यम आणि मुंबईला सगळ्यात सोयीचं, २२० ते २४० म्हणजे ओव्हरसाइज टी-शर्टना लागतं तसं जड. ओव्हरसाइज कापड पातळ असेल तर खांद्यावरून लोंबतं आणि मूल आजारी दिसतं. त्याचा तो चौकोनी, उभा पडणारा आकार जाड कापडामुळेच येतो. पण २४० जीएसएमचा टी-शर्ट जुलैत घरात दोरीवर वाळायला दीड-दोन दिवस घेतो. दोनच घ्या, बाकीचे १८० चे.

ऑनलाइन ‘२४० जीएसएम’ लिहिलेलं खरं आहे का, हे घरच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तपासता येतं. एम मापाच्या साध्या टी-शर्टला साधारण एक चौरस मीटर कापड लागतं, म्हणून १८० जीएसएमचा टी-शर्ट १७० ते १९० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. ओव्हरसाइजला सव्वा चौरस मीटरच्या आगेमागे लागतं; तो २९० ते ३२० ग्रॅम भरला पाहिजे. २१०-२२० ग्रॅमच भरला, तर लिहिलेलं खोटं आहे आणि परत पाठवायला ते पुरेसं कारण आहे.

आता शिवण. ही तपासणी दुकानातच करायची, आणि करणारे फार थोडे. टी-शर्ट टेबलावर सपाट पसरा, दोन्ही खांदे जुळवून उभा मधोमध दुमडा. खालची टोकं एकमेकांवर बसली पाहिजेत. दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर तो टी-शर्ट चौथ्या-पाचव्या धुण्यानंतर पिळवटणार: बगलेची शिवण फिरत फिरत पोटावर येते. मशीनवर विणलेल्या कापडाला धाग्याच्या पिळामुळे तिरकं जायची सवय असते. कापड कापण्याआधी नीट आराम देऊन, वाफेवर सरळ करून घेतलं तर ती सवय मोडते. घाईच्या मालात नेमकी तीच पायरी गाळली जाते. हा दोष दोनशेच्या टी-शर्टमध्ये जसा सापडतो तसा बाराशेच्यातही सापडतो. टॅगवरून कळत नाही, दुमडूनच कळतो.

मग गळा. रिबची पट्टी दोन बोटांत धरून तिच्या दीडपट ताणा आणि सोडा. लगेच मूळ जागी आली तर त्यात बहुधा लायक्रा आहे. लाटा उठल्या तर दोन महिन्यांत गळा लोंबणार. आतल्या बाजूने एका खांद्यापासून मानेमागून दुसऱ्या खांद्यापर्यंत पट्टी शिवलेली आहे का बघा. ती नसेल तर जड बॅग लावून रोज लोकलने जाणाऱ्या मुलाचे खांदे उसवतात नाहीतर ताणून लांबतात. गडद रंग असेल तर रुमालाचा कोपरा ओला करून आतल्या शिवणीवर दहा वेळा घासा. रुमालावर रंग उतरला तर तो टी-शर्ट बादलीतल्या सगळ्यांना रंगवणार. काळा आणि मरून हे दोन रंग यात सगळ्यात दगा देतात.

छपाईबद्दलही दोन शब्द, कारण मुलं टी-शर्ट घेतात ते पाठीवरच्या चित्रासाठी. चित्रावर नख फिरवा. रबरासारखा जाड थर हाताला लागला आणि ताणल्यावर त्याला बारीक भेगा दिसल्या, तर तो पंधरा-वीस धुण्यांत सोलणार. शाई कापडात मुरलेली आणि हाताला जवळजवळ लागत नसेल, तर ती टिकते. फुगीर छपाई दिसते छान, पण तिच्यावरून चुकून इस्त्री फिरली की संपली. छापलेला टी-शर्ट कुठलाही असो: उलटा करून, गार पाण्यात, आणि इस्त्री आतल्या बाजूने. सुपरहिरो किंवा कार्टूनची अधिकृत परवानगी घेऊन छापलेले टी-शर्ट महाग असतात, कारण त्यात मूळ कंपनीचा वाटा असतो. द सोल्ड स्टोअरची ओळखच या अधिकृत मालावर उभी आहे. ते चित्र मुलाला मनापासून हवं असेल तर किंमत रास्त आहे. साध्या एकरंगी टी-शर्टला तेवढे पैसे देण्यात अर्थ नाही.

युनिक्लोबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण घाम खूप येणाऱ्या मुलांचे पालक त्याबद्दल नेहमी विचारतात. त्यांचं एअरिझम हे कापड गुळगुळीत, अंगाला गार लागणारं आणि झटपट वाळणारं आहे, हे खरं. विरारहून किंवा कल्याणहून रोज गर्दीत उभ्याने येणाऱ्या मुलासाठी तसा एखादा टी-शर्ट कामाचा आहे. पाच घेण्याइतका नाही.

जीन्स: इथे घाई नको

जीन्स पहिली कुठे फाटते? गुडघ्यावर नाही, मांडीच्या आतल्या बाजूला, आसनाच्या खाली चार बोटांवर. चालताना तिथे घर्षण होतं, घामाने कापड ओलं असतं, आणि कापड पातळ असेल तर आधी पांढरट होतं, मग विरतं. जीन्सच्या कापडाची जाडी औंसात मोजतात, म्हणजे एका चौरस यार्ड कापडाचं वजन. स्वस्त जीन्सचं कापड आठ ते दहा औंसाचं असतं, चांगल्या जीन्सचं बारा ते चौदा. मुंबईसाठी अकरा-बारा औंस पुरे. चौदाची जीन्स पावसाळ्यात तीन दिवस वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो. टॅगवर औंस क्वचितच लिहिलेले असतात, म्हणून शेजारी दोन जीन्स ठेवून मांडीचं कापड चिमटीत धरून बघा. फरक बोटांना कळतो.

लेबलवर ‘९८% कॉटन, २% इलास्टेन’ (रबरासारखा ताणणारा धागा) असेल तर बसता-उठताना आराम मिळतो. इलास्टेन तीन-चार टक्क्यांच्या वर गेलं की गुडघ्याला फुगे येतात, आणि गरम इस्त्री, ब्लीच किंवा ड्रायर यांनी ते रबर मरतं. एकदा मेलं की जीन्स सैल ती सैलच. बॅगी जीन्सला ताण मुळात लागतच नाही. ती पूर्ण सुती घेतली तर जास्त टिकते.

मग जीन्स उलटी करा. आतल्या पायाची शिवण दुहेरी दाबलेली आहे, की फक्त ओव्हरलॉक मारून सोडून दिली आहे? दुहेरी दाबशिलाई म्हणजे कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत अडकवून वरून दोन ओळी टाके. ती उसवत नाही. ओव्हरलॉकचा एक दोरा तुटला की खाली बसताना टर्र. बेल्टच्या पट्ट्या पाच तरी हव्यात आणि प्रत्येकीच्या टोकाला दाट आडवा टाका हवा. खिशाचं आतलं कापड चोळून बघा. ते कांजी केलेलं आणि जाळीदार असेल, तर महिन्याभरात किल्ल्या त्यातून बाहेर येतील. कंबरेचं बटण अंगठ्याने फिरवून बघा. गरागरा फिरलं तर लवकरच हातात येणार. चेन पाच-सहा वेळा वरखाली करा, आणि वर नेऊन पट्टी आडवी दाबल्यावर ती कुलपासारखी अडकते का ते पाहा.

फाटक्या-विटक्या फॅशनची जीन्स घेताना फाटलेला भाग गुडघ्याच्या वर किंवा खाली असू दे, बरोबर वाटीवर नको. पाय वाकवला की तिथला दोरा रोज तुटतो, आणि तीन महिन्यांत भोक दुप्पट. गर्दीच्या वेळी गाडीत चढताना अशा भोकात बॅगेची कडी अडकते, हेही लक्षात असू द्या.

उंचीचं गणित वेगळं. मुलगे साधारण बारा ते सोळा आणि मुली दहा ते चौदा या वयात झपाट्याने वाढतात. वाढीच्या ऐन भरात वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरही. तेरा-चौदाच्या मुलाला तीन हजारांची जीन्स म्हणजे एका वर्षाची वस्तू. तिथे वरची पायरी टाळा, आठशे-हजाराची घ्या, आणि लांबी दोन इंच जास्त घेऊन आतून मुडप घालून घ्या. नाक्यावरचा अल्टरवाला थोडक्या पैशांत ते करतो. त्याला ‘कापू नका, दुमडून शिवा’ असं स्पष्ट सांगायचं, नाहीतर तो सवयीने कात्री चालवतो. सतरा-अठराला उंची बरीचशी स्थिरावलेली असते. चांगल्या जीन्सचे पैसे वसूल होतात ते तेव्हा.

सध्याच्या रुंद पायांच्या जीन्सची एक मुंबईकर अडचण आहे. खालची कड टाचेखाली जाते, स्टेशनच्या जिन्यावर घासते, आणि पावसात चिखलाचं पाणी वातीसारखं वर चढत पोटरीपर्यंत ओलं करतं. कॉलेजला जाताना जे बूट घालायचे तेच घालून ट्रायल घ्या. मागची कड जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर हवी. आरशात जरा आखूड वाटेल. पण कड झिजून झालर झाली की जीन्स तशीही खालून कापावी लागते.

पावसाळ्याचे चार महिने

या शहरात कपडा निवडताना अर्धं वर्ष पावसाचं आणि दमटपणाचं धरावं लागतं. जून ते सप्टेंबर रोजच्या वापराला नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची हलकी पँट घ्या, ज्याला मुलं पॅराशूट पँट म्हणतात. रात्री धुतली तर पंख्याखाली सकाळपर्यंत वाळते. तळाशी दोरी आणि प्लॅस्टिकचं बटण असेल तर दोरी आत खोचून ठेवायची सवय लावा. लोंबती दोरी सरकत्या जिन्यात अडकणं हा खरा धोका आहे. कार्गोच्या बाहेरच्या पट्ट्यांचंही तेच.

मुलींच्या को-ऑर्ड सेटचं (जुळता टॉप आणि पँट) कापड बरेचदा रेयॉन किंवा व्हिस्कोस असतं. मऊ, गार, सुंदर पडणारं. पण ओलं असताना ते कमकुवत होतं. पिळलं की शिवणीजवळ दोरे सरकतात, आणि पहिल्याच धुण्यात कॉटनपेक्षाही जास्त आटू शकतं. असा सेट एक माप सैल घ्या, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. हुडी हवीच असेल तर आतून लवदार नको. लूप असलेलं फ्रेंच टेरी कापड बघा. मुंबईत हुडीचा उपयोग एसी क्लासमध्ये आणि जानेवारीच्या मोजक्या सकाळी, एवढाच.

लिंकिंग रोड, फॅशन स्ट्रीट आणि ‘फर्स्ट कॉपी’

मॉलमधल्या किमती बघून अनेकजण वांद्र्याचा लिंकिंग रोड, हिल रोड, कुलाबा कॉजवे किंवा आझाद मैदानाच्या बाजूची फॅशन स्ट्रीट गाठतात. तिथे दोन प्रकारचा माल असतो आणि दोन्हींतला फरक ओळखता आला पाहिजे.

एक म्हणजे एक्स्पोर्ट सरप्लस: परदेशी ऑर्डरचा उरलेला किंवा तपासणीत नाकारलेला माल. यात मानेमागचं लेबल कापलेलं असतं किंवा त्यावर मार्करची रेघ मारलेली असते. बगलेतलं धुण्याच्या सूचनांचं लेबल मात्र अनेकदा तसंच राहतं, परदेशी मापांसकट. असा कपडा दोष सापडेपर्यंत उलटसुलट बघा, कारण तो नाकारला गेलाय तर काहीतरी कारण आहे: एक बाही लांब, रंगाचा डाग, सुटलेला टाका. दोष किरकोळ निघाला तर हा शहरातला सगळ्यात चांगला सौदा.

दुसरा प्रकार फर्स्ट कॉपी. लोगो ठळक, लेबल चकचकीत, शिवण आतून दोरेच दोरे. हा बनावट माल आहे आणि तो विकणं हा व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा आहे. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी पैशाचं गणितही जमत नाही. सहाशे-सातशेला घेतलेल्या नकली लोगोच्या टी-शर्टचं कापड दोनशेच्या टी-शर्टइतकंच असतं. बाकीचे पैसे लोगोचे, आणि तोही खोटा.

रस्त्यावर ट्रायल नसते. म्हणून मोजपट्टी खिशात ठेवा आणि घरून दोन मापं लिहून न्या. सध्या नीट बसणारा टी-शर्ट सपाट ठेवून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं अंतर, आणि नीट बसणाऱ्या जीन्सची कंबर, मांडी, पुढचं आसन आणि आतली लांबी. कंबरपट्टा गळ्याभोवती गुंडाळून बघायची जुनी युक्ती स्ट्रेच जीन्सला फसते. ‘फ्री साइज आहे ताई, सगळ्यांना होतो’ यावर विसंबू नका. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करा आणि साठ टक्क्यांच्या आसपास थांबा. मात्र कापडात दोष निघाला तर परत यायला इथे बिल नसतं, हे धरूनच किती घालवायचे ते ठरवा.

मापं, टॅग आणि बिल

एका ब्रँडचा एम दुसऱ्याचा एल असतो, आणि ‘ओव्हरसाइज एम’ म्हणजे नेहमीचा एक्सएल असू शकतो. म्हणून अक्षराकडे बघू नका, सेंटिमीटर बघा. सुट्या विकल्या जाणाऱ्या कपड्यांवर एस-एम-एलबरोबर सेंटिमीटरमध्ये माप, एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल हवाच, असा वैधमापन नियम आहे. टॅगवर ते नसेल तर तिथेच विचारा.

एक फायद्याची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. एच अँड एमच्या मुलांच्या विभागात १४ वर्षांपर्यंतची, म्हणजे १७० सेंटिमीटर उंचीपर्यंतची मापं असतात. लहानखुऱ्या बांध्याच्या सोळा-सतराच्या मुलीला किंवा मुलाला ती सहज होतात, आणि तसाच टी-शर्ट किंवा हुडी मोठ्यांच्या विभागापेक्षा बरेचदा स्वस्त मिळते. ‘लहान मुलांचं’ म्हणून मूल नाक मुरडेल. टॅग न दाखवता ट्रायल रूममध्ये द्या.

कराचंही भान असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर धरण्याआधीची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असलेल्या कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महागावर १८ टक्के जीएसटी लागतो. आता दोन जीन्स घ्या. २,५९९ च्या जीन्समध्ये कपड्याची किंमत सुमारे २,४७५ आणि कर सुमारे १२४. २,९९९ च्या जीन्समध्ये कपड्याची किंमत सुमारे २,५४१ आणि कर सुमारे ४५८. तुम्ही चारशे रुपये जास्त देता आणि त्यातले जेमतेम ६६ कपड्यात जातात. २,६०० ते साडेतीन हजार हा पट्टा म्हणून टाळण्यासारखा. जास्त चांगली जीन्स हवी असेल तर जून-जुलै किंवा डिसेंबर-जानेवारीच्या सेलमध्ये तीच २,६०० च्या खाली आल्यावर घ्या. सवलतीनंतरच्या किमतीवर कर ठरतो.

ऑनलाइन ‘७० टक्के सूट’ बघताना एमआरपीवर बोट ठेवून ती झाका आणि फक्त द्यायची रक्कम वाचा. तेवढ्या पैशांत झुडिओत किंवा मॅक्समध्ये काय मिळतं याच्याशी तुलना करा. पार्सल उघडताना मोबाइलवर सलग चित्रीकरण करा, टॅग कापू नका, आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत घरात तासभर घालून बसून-उठून बघा.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर छापलेलं असलं तरी सदोष कपड्याला ते लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. दुकानदाराने ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. हे फक्त दोषासाठी. माप चुकलं किंवा रंग आवडला नाही तर दुकानाचा नियम चालतो. तो पैसे देण्याआधी विचारायचा. बिलाची शाई गरमीत उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

पाच हजारांत पहिलं सत्र

सोळा-सतराच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी आम्ही ते असे वाटू. पूर्ण सुती बारा औंसाची एक जीन्स, सेलमध्ये, १,८०० पर्यंत. खालच्या पायरीच्या दुकानांतून दुमडून-ताणून पारखलेले चार टी-शर्ट, मिळून १,३००. पावसाळ्यासाठी लवकर वाळणारी पँट ७००. मुलाच्या पसंतीच्या ब्रँडचा, त्यानेच निवडलेला एक टी-शर्ट १,०००. त्यावर आई-बाबांनी मत द्यायचं नाही. उरलेले २०० अल्टरवाल्याला. वय तेरा-चौदा असेल तर जीन्स ९०० ची घ्या आणि वाचलेले पैसे जानेवारीसाठी ठेवा, कारण तोवर आत्ताचं माप आखूड झालेलं असेल.

जूनच्या यादीत हुडी ठेवू नका. पावसात ती कपाटात पडून राहते आणि गणपतीपर्यंत तिच्यावर बुरशीचे ठिपके पडतात. डिसेंबरअखेर हिवाळी माल सेलवर लागतो, तेव्हा घ्या. काळी असेल तर ओला रुमाल सोबत न्या.